उन्हाळी सुट्टीत संशोधन संस्थेत दोन महिने: शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांनी जायचं की नाही हे कसं ठरवायचं?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येते. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या नामांकित संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने संशोधन करण्याची संधी, वर विद्यावेतन. अर्जाची शेवटची तारीख तीन दिवसांवर आलेली असते. शिक्षकांचं शिफारसपत्र हवं, इंग्रजीत आपली आवड सांगणारा मजकूर हवा, सगळ्या गुणपत्रिका स्कॅन करून हव्यात. डोळखांब किंवा टोकावड्याहून कॉलेजला येणाऱ्या बहुतेकांचा विषय इथेच संपतो.

ज्यांचा संपत नाही त्यांना पुढचा प्रश्न घरातून येतो. मे आणि जून म्हणजे चार पैसे मिळवून देणाऱ्या कामाचे दिवस. लग्नसराई असते, पावसाआधीची घरदुरुस्ती असते, मग भाताची पेरणी. 'तिकडे दोन महिने राहून नोकरी लागणार आहे का?' असं आईवडील विचारतात, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. त्याचं सरळ उत्तर 'नाही' असंच आहे. मग या दोन महिन्यांतून मिळतं काय, ते कुणी घ्यावं आणि त्यासाठी तयारी कधी सुरू करावी, हे समजून घेऊया.

समर रिसर्च प्लेसमेंट म्हणजे नेमकं काय?

पदवीचा विद्यार्थी उन्हाळी सुट्टीत साधारण सहा ते आठ आठवडे एखाद्या संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठात जातो आणि तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या गटात काम करतो. हे वर्गातलं शिकणं नसतं आणि कंपनीतली इंटर्नशिपही नसते. गटाचं जे काम आधीच चालू असतं, त्यातला एक छोटा तुकडा विद्यार्थ्याला दिला जातो. कुणी एकाच प्रकारचं मोजमाप शंभर वेळा घेतो, कुणी आधीच जमलेली माहिती संगणकावर तपासतो, कुणी नमुने तयार करायला शिकतो. शेवटी एक अहवाल लिहायचा असतो आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांसमोर सादरही करायचा असतो.

दोन महिन्यांत मोठा शोध लागत नाही. प्रयोग फसतो, यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असतं, पहिला आठवडा संदर्भ वाचण्यातच जातो. पण संशोधन हे आपल्याला जमणारं आणि आवडणारं काम आहे का, हे कळतं. पुढे एमएस्सी किंवा पीएचडीचा विचार असेल, तर पाच-सहा वर्षं गुंतवण्याआधी आठ आठवड्यांत ते कळणं हा स्वस्तातला सौदा आहे. दुसरं म्हणजे, आपलं काम जवळून पाहिलेल्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र मिळू शकतं. गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या गोष्टी त्यात येतात.

कुठे अर्ज करता येतो?

देशभरात असे बरेच कार्यक्रम आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने आधी पाहावेत असे काही पुढे दिले आहेत. पात्रता, तारखा आणि विद्यावेतन दरवर्षीच्या जाहिरातीत पाहावं.

* तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप: बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ही योजना चालवतात. देशभरातल्या संस्थांमध्ये दोन महिने काम करता येतं. अर्ज साधारणपणे दिवाळीच्या आसपास घेतले जातात. म्हणजे मे महिन्यात जायचं असेल, तर निर्णय आदल्या ऑक्टोबरमध्ये घ्यावा लागतो.

* एनआययूएस, मानखुर्द: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा हा कार्यक्रम २००४ पासून चालतो आणि तो प्रामुख्याने बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आधी शिबिर होतं. त्यातून निवडलेले विद्यार्थी पुढे वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ सुट्ट्यांमध्ये येऊन प्रकल्प करतात. एकदम दोन महिने घर सोडणं शक्य नसलेल्यांना ही रचना सोयीची पडू शकते.

* टीआयएफआर, कुलाबा: १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम' उन्हाळ्यात असतो. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. विषयानुसार कुठल्या वर्षाचे विद्यार्थी चालतात हे बदलतं, त्यामुळे जाहिरात नीट वाचावी.

* पुण्यातल्या संस्था: आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. काहींचे ठरलेले कार्यक्रम आहेत, तर काही ठिकाणी प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवूनही विचारता येतं.

ज्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती मिळालेली आहे, त्यांच्यासाठी उन्हाळी संशोधन प्रकल्प हा त्या योजनेचाच भाग आहे. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये याच प्रकल्पासाठी ठेवलेले असतात.

जायचं की नाही? आधी तीन हिशेब

*पहिला हिशेब दिवसांचा.* मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये असतात आणि जूनमध्ये पुढचं वर्ष सुरू होतं. आठ आठवड्यांची प्लेसमेंट मेच्या मध्यावर सुरू झाली, तर ती जुलैच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे नव्या सेमिस्टरचा जवळपास महिना बुडतो. हजेरी आणि सुरुवातीची प्रात्यक्षिकं यांचं काय, हे विभागप्रमुखांना अर्ज करण्याआधीच विचारायला हवं. मागच्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिलेला असेल, तर आधी तो सोडवणं जास्त महत्त्वाचं.

*दुसरा हिशेब पैशांचा.* विद्यावेतन मिळणार असलं, तरी ते पहिल्याच दिवशी हातात पडत नाही. काही ठिकाणी महिना भरल्यावर मिळतं, काही ठिकाणी अहवाल दिल्यावर. तोवर प्रवास, मेस आणि वसतिगृहाची अनामत खिशातून जाते. म्हणून कागदावर दोन आकडे मांडावेत: विद्यावेतन मिळेपर्यंत किती रुपये लागतील, आणि त्याच दिवसांत घरी राहून किती कमाई झाली असती. दुसऱ्या आकड्यावरच घर चालत असेल, तर न जाण्याचा निर्णय हा कमीपणा नाही. अशा वेळी विद्यावेतन नसलेली प्लेसमेंट सरळ बाजूला ठेवावी.

*तिसरा हिशेब अंतराचा.* नकाशावर मुंबई जवळ दिसते. आसनगावहून सीएसएमटीला लोकलने सुमारे दोन तास लागतात, तिथून कुलाब्याच्या टोकाला बस. खर्डी-कसाऱ्याकडून आणखी जास्त. मुरबाडला रेल्वेच नाही. आधी एसटीने कल्याण, मग लोकल. प्रयोग संध्याकाळी पाचला थांबत नाहीत, आणि कसारा मार्गावरच्या गाड्या मोजक्या. रोज पाच-सहा तास प्रवास करून आठ आठवडे नीट काम होणं कठीण. त्यामुळे 'राहण्याची सोय आहे का?' हा प्रश्न शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यासाठी 'विद्यावेतन किती?' याच्या बरोबरीचा आहे. कल्याण-डोंबिवलीत नातेवाईक असतील, तर त्यांच्याशीही वेळेत बोलून ठेवावं.

मुलींच्या बाबतीत घरचा होकार अनेकदा याच मुद्द्यावर अडतो. मुलींचं वेगळं वसतिगृह, वॉर्डनचा संपर्क, रात्री परतण्याची वेळ, हे संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी मागवून घरी दाखवावं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि तिची माहिती मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

'आमच्या कॉलेजात मोठी लॅब नाही' मग अर्जात लिहायचं काय?

ग्रामीण कॉलेजातल्या विद्यार्थ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच समजली जाते. महागडी यंत्रं हाताळलेली नाहीत, शोधनिबंध नाही. पण पदवीच्या विद्यार्थ्याकडून बहुतेक शास्त्रज्ञांची तशी अपेक्षाही नसते. या मुलाला प्रश्न विचारता येतो का, ठरवलेलं काम तो नेमाने करतो का, आणि झालेली चूक प्रामाणिकपणे नोंदवतो का, हे त्यांना पाहायचं असतं. ते घराजवळच्या कामातूनही दिसतं.

एक उदाहरण घेऊ. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ सालापासूनचं. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. मुरबाडच्या डोंगराळ गावांचीही तीच गत. भरपूर पाऊस पडूनही असं होतं, कारण इथला काळा बेसॉल्ट खडक पाणी फारसं साठवून ठेवत नाही. उतारावरचं पाणी भराभर वाहून जातं.

'गावातली पाणीटंचाई' हा झाला विषय. तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. 'ओढ्याकाठच्या आणि उतारावरच्या विहिरीची पातळी डिसेंबरपासून मेपर्यंत दर आठवड्याला किती उतरते?' हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर मोजून काढता येतं. लागतं काय? लांब दोरी, वजन, मोजपट्टी आणि वही. पाच विहिरी निवडायच्या, काठावर एक ठरलेली खूण करायची आणि दर रविवारी पहाटे, लोकांनी पाणी शेंदायला सुरुवात करण्याआधी, मोजमाप घ्यायचं. ज्या रविवारी मोजलं नाही, तिथे रकाना रिकामा ठेवायचा. अंदाजाने आकडा भरायचा नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ती माहिती तुलनेसाठी वापरता येते. दर आठवड्याच्या नोंदीतून मात्र चार मोजमापांत न दिसणारी गोष्ट दिसू शकते: पाणी नेमकं कुठल्या आठवड्यात झपाट्याने खाली गेलं. वीस आठवड्यांची अशी वही अर्जात दोन ओळींत लिहिता येते, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलताही येतं.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तानसा अभयारण्याच्या आसपासचा परिसर आहे. एकेकाळी नामशेष समजला गेलेला वनपिंगळा १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसातही त्याची नोंद झाली. आपल्याच वाटेवरची झाडं कुठल्या आठवड्यात फुलतात, याची वर्षभराची नोंद हेही खरं काम आहे. अभयारण्याच्या आत जाऊन काही करायचं असेल, तर वन विभागाची परवानगी लागते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं, की आळेफाट्यापुढे नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांना पाहायला खुली असते आणि विद्यार्थ्यांचं विज्ञान प्रदर्शनही भरतं. संशोधक प्रत्यक्ष काय करतात, हे अर्ज करण्याआधी पाहण्याची ही चांगली संधी आहे.

तयारीचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर: दोन-तीन विषय ठरवा. एनपीटीईएल आणि स्वयम या मंचांवरचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. शुल्क लागतं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. एक संगणकीय कौशल्य हाताशी घ्या. स्प्रेडशीट व्यवस्थित येणं ही किमान गोष्ट, पायथन आलं तर उत्तम.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: अकादमींचा अर्ज. एक पानी बायोडेटा आणि 'मला हे काम का करायचं आहे' हा सुमारे अडीचशे शब्दांचा मजकूर तयार ठेवा. तो आधी मराठीत लिहा, विचार नीट लागला की इंग्रजीत आणा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, विचार उसना नको.

डिसेंबर-जानेवारी: इतर संस्थांचे अर्ज आणि प्राध्यापकांना ईमेल. याच सुमारास विद्यापीठाच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेच्या फेऱ्या होतात. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्तर आहे आणि कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो.

फेब्रुवारी-मार्च: उत्तरं येऊ लागतात. कॉलेजचं ना-हरकत पत्र, बोनाफाइड, स्वतःच्या नावाचं बँक खातं, सगळं जमवा. त्यानंतर परीक्षेचा अभ्यास.

एप्रिल-मे: ज्या गटात जायचं आहे, त्यांचे एक-दोन शोधनिबंध वाचा. पहिल्या वाचनात सगळं कळत नाही. सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष एवढंच आधी वाचावं आणि न कळलेले शब्द वहीत टिपावेत. ती यादी घेऊनच पहिल्या दिवशी जावं.

प्राध्यापकांना ईमेल कसा लिहावा?

एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला, की तो लगेच ओळखू येतो आणि न वाचता बाजूला पडतो. पाच-सहा ईमेल पुरे, पण प्रत्येक वेगळा हवा. मजकुरात चार गोष्टी याव्यात: मी कोण, तुमच्या कामातलं नेमकं काय वाचलं, मी आजवर काय केलं आहे, आणि मला कुठल्या तारखांना येता येईल.

उदाहरणार्थ: 'मी मुरबाड तालुक्यातल्या महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खडकातल्या भूजलावरचा तुमचा लेख वाचला. डिसेंबरपासून मी गावातल्या पाच विहिरींची पातळी दर आठवड्याला मोजतो आहे. तक्ता सोबत जोडला आहे. उतारावरच्या दोन विहिरी इतरांपेक्षा लवकर का आटतात, हे मला समजून घ्यायचं आहे. १५ मे ते १० जुलै या काळात तुमच्या गटात काम करता येईल का?' अशा आशयाचा साध्या इंग्रजीतला ईमेल पुरेसा आहे. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करावी. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळावं.

शिफारसपत्राचंही तसंच. शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये धावत जाण्याऐवजी सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी सांगावं आणि आपली वही, प्रकल्प, गुणपत्रिका दाखवाव्यात. 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' या वाक्यापेक्षा 'हिने वीस आठवडे एकही नोंद अंदाजाने भरली नाही' या वाक्याला जास्त वजन असतं. पण ते लिहिण्यासाठी शिक्षकांना ते माहीत असावं लागतं.

पैसे भरून मिळणाऱ्या 'रिसर्च इंटर्नशिप'चं काय?

सोशल मीडियावर 'घरबसल्या संशोधन, प्रमाणपत्र हमखास' अशा जाहिराती दिसतात. वसतिगृह किंवा मेसचं शुल्क घेणं वेगळं. काही चांगल्या संस्थाही ते घेतात. पण निवडीची हमी देऊन पैसे मागितले जात असतील, मार्गदर्शकाचं नाव सांगितलं जात नसेल किंवा पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात भरायला सांगत असतील, तर थांबावं. मार्गदर्शक कोण, तो कुठल्या संस्थेत आहे आणि त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

निवड झाली नाही तर?

या कार्यक्रमांत जागा थोड्या आणि अर्ज भरपूर असतात. नकार येणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावरून आपली लायकी ठरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तोवर विहिरींच्या वहीत आणखी एका वर्षाच्या नोंदी जमलेल्या असतात.

शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीतच आता क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. गावाजवळचं काम कॉलेजच्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नीट केलं, तर ते त्यात धरता येईल का, हे विभागात विचारावं. बाहेरची प्लेसमेंट मिळाली, तरी हाच प्रश्न विचारावा. चार वर्षांची 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवी डोक्यात असेल, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण लागतात, हेही लक्षात असू द्यावं. उन्हाळ्याच्या नादात परीक्षा मागे पडता कामा नये.

आणि घरी विचारलेल्या त्या प्रश्नाचं काय? दोन महिन्यांनी नोकरी लागत नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांगावं. त्याच वेळी दिवसांचा, पैशांचा आणि अंतराचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. तो कागद ऑक्टोबरमध्ये तयार असेल, तर जानेवारीत ग्रुपवर पीडीएफ येईल तेव्हा घरातली चर्चा होऊन गेलेली असेल, शिक्षकांना विचारून झालेलं असेल आणि अर्ज भरायला तीन दिवसही पुरतील.